खिरीची चौथी पळी

"...मग या तिन्हींतलं कुठलं निवडू, आक्का?"

सुनेत्रानं तिन्ही पत्रकं स्वयंपाकघराच्या फरशीवर ओळीनं मांडली आणि उत्तराची वाट बघत पाटावर बसली.

तुंगाक्का गव्हाची खीर ढवळत होत्या. त्यांनी पत्रकांकडे पाहिलं नाही. खिरीवरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. पण तुंगाक्कांकडे कुठल्याही प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच मिळायचं, आणि ते ठाऊक असूनही माणसं त्यांच्याकडे प्रश्न घेऊन यायचीच.

सुनेत्रानं सांगितलं की ती जेवून आलीय, वाटेत फाट्यावर मिसळ खाल्लीय. आक्कांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि फडताळातून ताट काढलं.

तुंगाक्कांनी कुरुंदवाडातल्या मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं लाठी शिकवली. गावातल्या दोन पिढ्यांच्या बायकांना लाठी कशी फिरवायची ते ठाऊक आहे, आणि त्यांच्या नवऱ्यांना, ते बायकांना ठाऊक आहे हे ठाऊक आहे. आता आक्का सत्तरी ओलांडलेल्या. गुडघे कुरकुरतात, पण मनगट अजून जाग्यावर आहे.

लाठीइतकाच त्यांचा आग्रहही प्रसिद्ध होता. त्या बाजूला पाहुण्याच्या पहिल्या 'नको'ला थांबते ती बाई चिक्कू समजतात. दुसऱ्या 'नको'ला थांबते ती रीतीची. तिसऱ्यालाही थांबत नाही ती तुंगाक्का. त्यांच्या घरून कुणी उपाशी गेल्याचं ऐकिवात नाही. चालता येत नाही म्हणून दुपारभर सोप्यात आडवे झालेले मात्र पुष्कळ.

सुनेत्रा मगदूम त्यांची जुनी शिष्या. नऊ वर्षांची असताना परकर खोचून लाठी धरायला आली होती. तिच्या पायांतली चपळाई बघून आक्कांनीच तिला जयसिंगपूरला कराटेच्या वर्गात धाडलं. आज ती चौतीस वर्षांची होती, कमरेला काळा पट्टा होता, आणि तिच्या स्वतःच्या वर्गात बासष्ट मुली होत्या. तिच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, असं पालक एकमेकांना कौतुकानं सांगत. तिला त्या वर्गाचा अभिमान होता आणि थोडा माजही होता. दोन्ही तिनं घाम गाळूनच मिळवले होते.

आक्कांनी ताट पुढं सरकवलं. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, आणि वाटीत काठोकाठ खीर.

ही पहिली पळी.

"खा. खाता खाता सांग."

मग सुनेत्रानं सांगितलं. वर्गातल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवायला सोमवारपर्यंत तिला तिघांपैकी एकाला होकार कळवायचा होता. पहिला सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, कमांडोंना शिकवलेला. बारा दिवसांत चाकू हिसकावून घ्यायला शिकवतो. दुसरी पुण्याची एक बाई, मुष्टियुद्धातली. तिच्याकडे जाड गादीचा अंगरखा घातलेला माणूस असतो आणि मुलींनी त्याला खरोखरचे ठोसे मारायचे असतात. तिसरा एक दिवसाचा मेळावा. दोनशे मुली, तिखटाचा फवारा, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो.

"तिसरा मी मनातनं काढूनच टाकलाय," सुनेत्रा म्हणाली. "एका दिवसात काय होतंय. पण पहिल्या दोघांत ठरत नाही."

आक्कांनी पळी खिरीत बुडवली.

"नको आक्का."

वाटी पुन्हा काठोकाठ भरली. ही दुसरी.

"त्या वर्गात," आक्कांनी विचारलं, "समोर कोण असतंय?"

"म्हणजे?"

"मारायचं कुणाला?"

"गुंडाला. म्हणजे तसा वेष केलेला माणूस. काळे कपडे, तोंडाला रुमाल."

"हां..." आक्का म्हणाल्या, आणि थोडा वेळ खीर ढवळत राहिल्या. "तुझा स्वतःचा वर्ग हाय की गं. चांगला चाललाय म्हणत्यात. मग दुसऱ्याचा कशाला पाहिजे?"

सुनेत्रानं घास हातातच ठेवला.

खरं म्हणजे ती याचसाठी आली होती. पत्रकं नुसती निमित्त होती. पण ती गोष्ट तोंडातून निघेना, म्हणून ती वांग्याचं कौतुक करायला लागली. आक्कांनी ते कौतुक मध्येच तोडलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. अशी नजर लागली की शाळेतल्या मुलीसुद्धा न विचारता कबूल व्हायच्या.

"केतकी," सुनेत्रा शेवटी म्हणाली.

केतकी तिच्या वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी. वीस वर्षांची, तपकिरी पट्टा, अकराव्या वर्षापासून सुनेत्राच्या हाताखाली. एका फटक्यात दोन कौलं फोडायची. सुनेत्राला मूलबाळ नव्हतं, आणि केतकी आपली कोण लागते हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना दिसत होतं.

बारा दिवसांपूर्वी केतकीच्या घरी बारसं होतं. माडीवरची सतरंजी आणायला ती वर गेली, तर जिन्यात तिच्या आत्याचे यजमान उभे होते. त्यांनी तिचा दंड धरला. आणि सोडेनात.

"तिनं काय केलं?"

"काहीच नाही केलं आक्का. दोन कौलं फोडणारा हात. तो हललासुद्धा नाही. 'नको ना काका, सोडा ना' एवढं म्हणाली. तीनदा म्हणाली. मग खालनं कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं सोडलं. खाली येऊन पंगतीत जिलेबी वाढत होता तो."

आक्कांची पळी थांबली होती.

"घरात कुणाला सांगितलं नाही तिनं. दुसऱ्या दिवशी वर्गाला आली आणि मला सांगितलं. फक्त मला."

"मग?"

"मग मला कळलं की आपलं कुठंतरी कमी पडतंय. आम्ही अंतर ठेवून लढायला शिकवतो. इतक्या जवळनं हात धरला तर काय करायचं, ते आमच्याकडं फारसं नाही. म्हणून हे शोधलं सगळं." तिनं पत्रकांकडे बोट केलं. "माझ्या बासष्ट पोरींपैकी आणखी कुणावर ती वेळ येऊ नये."

आक्कांनी पळी उचलली. सुनेत्रा म्हणाली, नको हो, खरंच नको. पळी वाटीत रिकामी झाली.

तिसरी.

"तिनं सांगितल्यावर तू काय म्हणलीस?"

"समजावलं की. खूप वेळ बसले तिच्याजवळ."

"पहिलं काय म्हणलीस?"

सुनेत्रा भाकरीचा तुकडा मोडत राहिली. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज पार लांब गेल्यावर ती बोलली.

"ती म्हणाली, मॅडम, मला कळतच नव्हतं काय करावं, मी हसत हसतच नको म्हणत होते... आणि मी विचारलं तिला..."

"काय?"

"हसलीस कशाला."

आक्कांनी पळी पातेल्याच्या काठावर टेकवली.

"एवढंच विचारलं हो. पण ती उठली, पिशवी घेतली आणि गेली. अकरा दिवस झाले, वर्गाला आली नाही. माझा फोन उचलत नाही. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नव्हता तिचा." सुनेत्राचा आवाज बारीक झाला होता. "मला राग तिचा नव्हता आला, आक्का. त्या माणसाचा आला होता. तो तोंडातनं तिच्यावर पडला."

सांगून टाकल्यावर माणसाला भूक नसते. सुनेत्रानं ताट थोडं लांब सरकवलं.

तुंगाक्का उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीचा आधार घेत उठल्या. खिरीचं पातेलं उचलून सुनेत्राच्या अगदी समोर आणून ठेवलं आणि पळी भरली.

सुनेत्राला हसू आलं. इतकं सगळं ऐकूनही या बाईला खीरच सुचते. तिनं दोन्ही पंजे वाटीवर धरले.

"नको आक्का. आता हातावर वाढाल काय?"

आक्कांनी हातावर वाढली.

कोमट खीर दोन्ही पंजांवर पसरली, बोटांच्या फटींतून वाटीत उतरली, मनगटावरून कोपराकडं ओघळली. सुनेत्रा खळखळून हसली. लहानपणी हसायची तशी, मान मागं टाकून.

तुंगाक्का हसल्या नाहीत.

"हसलीस कशाला?" त्यांनी विचारलं.

...

सुनेत्राचं हसू तोंडावरच राहिलं. कुठं ठेवावं ते तिला कळेना.

"तुम्ही आहात म्हणून..." ती म्हणाली. "म्हणजे, आपल्या माणसाला कसं... तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून..."

बोलता बोलता ती थांबली. आपण कुणाचं उत्तर देतोय हे तिला ऐकू आलं होतं.

आक्कांनी ताईत-दोऱ्याला हात लावावा तसा तिच्या खिरीनं माखलेल्या मनगटाला हलकेच हात लावला.

"मला माहीत हाय तू जेवून आलीस ती," त्या म्हणाल्या. "पहिल्या पळीलाच माहीत होतं."

सुनेत्रा रडायला लागली. काळ्या पट्ट्याची बाई, चौतीस वर्षांची, ताटावर बसून, खरकट्या हातानं डोळेही पुसता येईनात अशी रडली. अकरा दिवस तिनं केतकीचं सगळं आठवून बघितलं होतं, पायांची जागा, हाताचा कोन, श्वास. हसण्याचा अर्थ तेवढा तिला लागला नव्हता, आणि तो तर तिच्या स्वतःच्या तोंडावर होता.

आक्कांनी तांब्या आणला. तिचे दोन्ही हात स्वतः धुतले, बोट न् बोट. पदरानं पुसले. शाळेत असताना लाठीनं सोललेले हातही त्यांनी असेच पुसले होते.

मग पुन्हा समोर बसल्या आणि पळी भरली.

"आता थांबीव मला."

सुनेत्रानं नाक ओढलं. "नको आक्का, पोट भरलंय."

पळी ताटात ओतली गेली.

"पोटाचं कोण विचारतंय?"

"नको. उद्या येते ना, उद्या खाते."

आणखी एक पळी. "उद्याचं उद्या."

सुनेत्रानं पाठ ताठ केली, पोटातून श्वास घेतला आणि वर्गातल्या आवाजात ओरडली, "थांबा!" खिडकीत बसलेलं मांजर उडी मारून पळालं. शेजारच्या घरात भांडं पडल्याचा आवाज आला.

तुंगाक्कांनी कानात बोट घालून हलवलं. "मी काय दरोडा घालाय आलीया व्हय गं?" म्हणाल्या आणि वाढली.

पुढच्या वेळी सुनेत्रा बोललीच नाही. पळी वाकायच्या आत तिनं आक्कांचं मनगट पकडलं. पकड अशी नेमकी बसली की खिरीचा थेंब सांडला नाही. आक्कांच्या डोळ्यांत क्षणभर कौतुक चमकून गेलं. पण त्या "आई गं" म्हणाल्या मात्र, सुनेत्रानं झटकन हात सोडला, "लागलं का हो?" म्हणून पुढं वाकली, आणि तेवढ्यात आक्कांनी पळी रिकामी केली.

ताटात आता खिरीचं तळं झालं होतं. भाकरी त्यात बुडाली होती.

"हात तुझा चांगलाच हाय," आक्का म्हणाल्या. "हात पाहिजेच. लाठी काय मी उगंच शिकिवली? पण हात उठायच्या आधी काय तरी उठाय लागतंय."

सुनेत्रा त्या तळ्याकडे बघत राहिली.

आक्कांनी पळी भरली. पळी तिच्या ताटाकडे आली.

"नको," सुनेत्रा म्हणाली.

हळूच म्हणाली. हसली नाही, रागावली नाही, ताटावर हात धरला नाही. आक्कांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली.

पळी हवेत थांबली.

आक्कांचा चेहरा पडला. खरोखर पडला, नाटक नव्हतं ते. "हे गेल्यापासनं वर्षभरात पहिल्यांदा केलीया मी ही खीर," त्या म्हणाल्या. "यांना आवडायची. तू येणार म्हणून पहाटे उठून गहू कांडला."

सुनेत्राच्या जिवाचं पाणी पाणी झालं. आण्णा, आक्कांचे यजमान, गेले तेव्हा ती आक्कांशेजारी रात्रभर बसली होती. वाढा, सगळी वाढा, पातेलं पुसून खाते, हे शब्द तिच्या दातांपर्यंत आले. कुठल्याही स्पर्धेत, कुठल्याही मैदानावर तिला इतकं जड गेलं नव्हतं.

"नको, आक्का."

...

आक्कांनी पळी पातेल्यात ठेवली.

"मला वाईट वाटलं," त्या म्हणाल्या.

"हो," सुनेत्रा म्हणाली. "कळतंय मला."

आणि तिनं माफी मागितली नाही.

दोघी समोरासमोर बसून राहिल्या. आक्कांचे डोळे ओले होते. ते आण्णांच्या आठवणीनं की आणखी कशानं, हे सुनेत्रानं विचारलं नाही. थोड्या वेळानं आक्कांनी स्वतःसाठी एक वाटी भरून घेतली आणि आवडीनं खाल्ली.

"हे," खाता खाता त्यांनी विचारलं, "तुझ्या वर्गात कवा शिकिवतीस?"

सुनेत्रा जराशी दुखावली. "वर्गात शिस्त असते, आक्का. वर्गात कुणी नको म्हणत नाही."

"कुणाला म्हणत न्हाईत?"

"मला."

म्हणून झाल्यावर तिनं पाटावरचे पाय जवळ ओढून घेतले. बासष्ट मुली तिच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. पन्नास उड्या मारा म्हटलं की पन्नास मारणाऱ्या. ताप असला तरी येणाऱ्या. पाय मुरगळलाय हे घरी गेल्यावर आईला सांगणाऱ्या. एका तालात "होय मॅडम" म्हणणाऱ्या. ही शिस्त बघूनच तर पालक मुली आणून घालत होते.

केतकीनं नऊ वर्षांत तिला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. सुनेत्रा हे लोकांना अभिमानानं सांगायची.

आक्कांनी खाली वाकून ती तीन पत्रकं उचलली. एकावर खीर सांडली होती, ते पदरानं पुसलं. डोळ्यांपासून लांब धरून तिन्ही वाचली. अंगरखावाल्या माणसाचा फोटो त्यांना आवडला, कारण तो त्यांच्या धाकट्या दिरासारखा दिसत होता.

"तर मग कुठलं, आक्का?" सुनेत्रानं विचारलं. आता तिच्या आवाजात घाई नव्हती.

"तिघांना फोन लाव. तू बाजूला टाकलंस त्यालाबी लाव. सांग, आमच्या पोरी मधीच थांबा म्हणतील, हात लावू नका म्हणतील, आज न्हाई करणार म्हणतील. चालंल का?"

"आणि?"

"ते काय सांगत्यात ते ऐकू नको. सगळी चालंल म्हणतील. कोण हसतंय तेवढं ऐक."

सुनेत्रानं पत्रकं घडी करून पिशवीत ठेवली. उठली. पण दारापर्यंत जाऊन पुन्हा फिरली. फोन हातात घेऊन परसदारी गेली, पायरीवर बसली. तिला सोमवारपर्यंत थांबवेना, आणि त्या तिघांपैकी कुणाला तिला आत्ता फोन करायचा नव्हता.

तुंगाक्का ताट आवरत होत्या. त्यांना शब्द ऐकू येत नव्हते, पाठ दिसत होती. खूप वेळ ती पाठ नुसतीच बसून होती. पलीकडं फोन वाजत असणार. एकदा बंद झाला. सुनेत्रानं पुन्हा लावला नाही. तिनं काहीतरी लिहून पाठवलं, अंगठ्यानं, अडखळत, दोनदा पुसून. मग फोन मांडीवर ठेवून ती परसातल्या शेवग्याकडे बघत राहिली.

आणि मग फोन वाजला.

ती उभी राहिली. बोलली थोडंच. ऐकलं जास्त. एकदा तिनं भिंतीला हात टेकला. एकदा मान खाली घातली. शेवटी एकच शब्द बोलून फोन ठेवला.

आत आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"केतकी होती?"

"हो. मी लिहिलं होतं तिला, माझं चुकलं म्हणून. मी तुला विचारलं ते विचारायला नको होतं, म्हणून. मी घरी येऊ का, असं विचारलं होतं."

"मग?"

"म्हणाली, मॅडम, तुम्ही लिहिलंत ते वाचलं. बरं वाटलं. पण आत्ता येऊ नका. मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाही. बोलावंसं वाटेल तेव्हा मी फोन करीन." सुनेत्रानं फोन पाटावर ठेवला. "नऊ वर्षांत पहिल्यांदा मला नाही म्हणाली हो, आक्का. सरळ म्हणाली. आवाजसुद्धा थरथरला नाही तिचा."

"तू काय म्हणलीस?"

"बरं म्हणाले."

"...एवढंच?"

"एवढंच."

तुंगाक्कांनी हातातलं ताट खाली ठेवलं. भिंतीचा आधार घेत जवळ आल्या आणि सुनेत्राचं तोंड दोन्ही ओल्या हातांत धरलं.

"झाला म्हणायचा वर्ग सुरू."